टेपवालीचं स्टूल

नगरच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, ती नव्वदच्या दशकात. तारेच्या कॉइल गुंडाळणाऱ्या पाच बायकांची लाइन माझ्याकडे दिली. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, नवा गट आधी जपून बोलतो, मग भांडतो, मग त्याच्या रीती ठरतात आणि तेव्हा कुठे काम वेग घेतं. मी भांडणाची वाट पाहत राहिले. कॉन्व्हेंटमधलं माझं मराठी त्यांच्यासमोर पाठ म्हटल्यासारखं निघायचं.

भांडण झालंच नाही. "व्हय मॅडम", "न्हाई मॅडम", एवढंच.

टेबलाशी स्टुलं मात्र सहा होती. कॉइल हातोहात पुढे सरकायची. मधल्या रिकाम्या स्टुलासमोरही ती ठेवली जायची आणि सगळ्यांचे हात थांबायचे. टेप गुंडाळायला लागावा तेवढाच वेळ. मग स्टुलापलीकडची बाई ती उचलून स्वतः टेप लावायची.

"इथे कोण बसतं?" मी विचारलं.

"टेपवाली. यील ती," थोरली म्हणाली.

ऑफिसात कळलं, टेपवाली मी येण्याआधी, उन्हाळ्यातच वारली होती.

मॅनेजरांनी बजावलं, माल असाच कमी निघाला तर महिनाअखेर लाइन मोडून बायका इकडे तिकडे वाटून टाकू. मी ते टेबलाशी सांगितलं. कुणी मान वर केली नाही. टेप लावायला नवी मुलगी आणली, तर सगळ्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ती बसलीच नाही. दुपारी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मीच त्या स्टुलावर बसले. कॉइल समोर आली. हात थांबले. मी टेप ओढली, ती बोटांनाच चिकटली. ठरलेला वेळ संपला, तरी पलीकडचीने हात पुढे केला नाही. तिची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या जरा मागे होती.

"अगं, हालव की हात!" थोरली कडाडली. "एवढा येळ लागत हुता का तुला कधी?"

"टेप हाय ती, नवरीला बांगड्या न्हाई भरायच्यात," पलीकडची म्हणाली.

"तूच तार ढिली देतीस, आन् तिला बोलतीस व्हय?" तिसरी थोरलीवर उलटली.

मग सगळ्याच एकमेकींवर तुटून पडल्या. महिनोन्‌महिने साठलेलं बाहेर आलं. हात मात्र चालू होते.

लाइन टिकली. रोज सकाळी थोडा वेळ मी तिथे बसू लागले. मला मॅडम कुणी म्हणेना. "अगं" म्हणत, टोमणे मारत, हसत. त्यातलं माझ्यासाठी किती, हे मी कधी विचारलं नाही. मान खाली घालून टेप लावत राहिले.