भविष्यकाळाची गॅलरी

रविवार, सकाळचे साडेनऊ. स्थळ: काळाचौकीतल्या आमच्या चाळीचा दुसरा मजला, काकांची खोली. हजर: काका, मी, शेजारची सुलभा आणि तळमजल्यावरच्या फ्लोरी आंटी. गैरहजर: भविष्यकाळ.

काका म्हणजे माझे चुलत सासरे, आणि इंग्रजी घाम गाळून शिकवणारा एवढा एकच माणूस पृथ्वीच्या पाठीवर असेल. त्यांच्याकडे शिकून कोणाला इंग्रजी येतं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण पचन हमखास सुधारतं. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत त्यांनी बत्तीस वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या सगळ्या पत्रांत मिळून एकच क्रियापद होतं: रिक्वेस्ट. बाकीची आपल्या हातून वापरायची राहूनच गेली, या हळहळीतून हा वर्ग निघाला. हजेरी आणि गृहपाठाच्या याद्या ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

क्रियापद तोंडाने म्हणायचं नसतं, करायचं असतं, हा काकांचा पहिला नियम. 'जम्प' म्हटलं की उडी, 'स्वीप' म्हटलं की केरसुणी. काका आपली खोली फुकटात झाडून घेतात असा सुलभाला सुरुवातीला संशय होता. पण 'वॉश'च्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्यांचे कप विसळले, तेव्हा तो फिटला. 'स्लीप' शिकवताना ते आधी दोन मिनिटं घोरून दाखवत होते, मग पाऊण तास खरोखरच झोपले. आम्ही उठवलं नाही. क्रियापद चालू होतं.

क्रियाविशेषणं त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहून खारीच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहेत. आधी कामाला लागायचं, मग चिठ्ठी उचलायची आणि तेच काम चिठ्ठीबरहुकूम पुन्हा करायचं. मी पाण्याची बादली 'ग्रेसफुली' उचलून दाखवली आहे, त्यानंतर चार दिवस पाठीला शेक घेतला आहे. फ्लोरी आंटींना चहा 'अँग्रिली' प्यायला लागला. खरं तर आंटी घरात इंग्रजीच बोलतात, वर्गाला येतात त्या मजा बघायला. जीभ पोळल्यावर म्हणाल्या, "जन्मभर मी इंग्लिश बोलते, पण त्याच्यात एवढी मेहनत असते ते कोण बोललाच नाय मला."

ही सवय काकांना बाहेरही सुटत नाही. लालबागच्या बाजारात त्यांनी एकदा कोळणीला सांगितलं, "सुरमई हळुवारपणे काप." ती कोयता वर धरून म्हणाली, "काका, कापू का थोपटून निजवू?" काकांना राग आला नाही. घरी येऊन त्यांनी डब्यात 'जेन्टली'ची आणखी एक चिठ्ठी टाकली.

आणि काळ. काळांना काकांनी जागा वाटून दिल्या आहेत. मागची अंधारी गॅलरी, जिथे फुटकं पिंप आणि मोडका पाळणा आहे, तो भूतकाळ. खोली हा वर्तमानकाळ. रस्त्यावरची पुढची गॅलरी म्हणजे भविष्यकाळ. काळ बदलला की खुर्च्या उचलून तिकडे जायचं. भूतकाळात आम्ही अकरा महिने डास मारत बसलो होतो, कारण 'गो'चं 'वेंट' झालेलं काकांना मान्य नव्हतं. "कोणाला विचारून केलं?" असं ते दर रविवारी विचारायचे.

साध्या गप्पांतही हा नियम पाळला जातो. वखारीची आठवण निघाली की काका वाक्य अर्धवट टाकून मागे जातात आणि उरलेलं तिथून ओरडून सांगतात. फक्त काकूंविषयी ते खोलीतच बोलतात. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. मी शिस्तीची बाई, एकदा बोलून गेले, "काका, हे मागे जाऊन सांगायला हवं ना?" ते म्हणाले, "तिथे ओल आहे सूनबाई. तिला सर्दी होते."

पुढची गॅलरी मात्र वर्ग सुरू झाल्यापासून बंदच होती. खालून टेकू लावले होते, दारावर आडवी फळी ठोकली होती. टेकूचं लाकूड सागवान नाही यावर काकांनी आम्हाला दोन तास बौद्धिक दिलं, पण भविष्यकाळ दिला नाही. "भविष्यकाळ झाल्यावर पुढे काय असतं?" मी विचारलं होतं. मला वहीत पाठांची यादी पुरी करायची होती.

"पुढे काही नाही. संपलं. मग तुम्ही आपापल्या घरी," काका म्हणाले आणि चिठ्ठ्यांचा डबा हलवू लागले.

आता सुलभाचं सांगते. ती लालबागच्या एका दवाखान्यात साफसफाईला आहे. तिथली रिसेप्शनची जागा रिकामी झाली. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंग्रजीत बोलून दाखव, मग बघू. बारा वर्षं ज्या टेबलाखालची लादी पुसली त्या टेबलामागे सुलभाला एकदा बसायचं होतं. मुलाखतीच्या आदल्या रविवारी आम्ही तिच्याकडून चाळीस क्रियापदं करून घेतली. घरी जाताना ती लंगडत होती.

मुलाखत कशी झाली ते तिनेच येऊन सांगितलं. बाईंनी विचारलं, सकाळी आल्यावर काय करतेस? सुलभा 'आय ओपन द डोअर' म्हणाली, उठली आणि दार उघडलं. बाहेरच्या पेशंटला वाटलं आपला नंबर आला, तो आत आला. 'आय स्पीक पोलाइटली' म्हणत तिने त्याला बसवलं, 'आय गिव्ह वॉटर' म्हणत पाणी दिलं. तो म्हातारा खुशीत पाणी प्यायला. मग बाईंनी विचारलं, एकदम दहा पेशंट आले तर काय करशील? पुढचं विचारतायत एवढं सुलभाला कळलं, आणि सवयीने ती थेट रस्त्याकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथे गेल्यावर आठवलं की हे आपल्याला शिकवलेलंच नाही.

"मग काय केलंस?" काकांनी विचारलं.

"खरं सांगितलं. सॉरी मॅडम, फ्यूचर इज क्लोज्ड. रिपेअर."

बाई टेबलावर डोकं ठेवून हसल्या म्हणे. मग म्हणाल्या, तीन महिने बसून बघ, तेवढ्यात ते रिपेअर उरकून घे, मग कायमचं करू.

पंधरा दिवसांत टेकू निघाले. नवं प्लॅस्टर झालं, फळी काढली. सुलभा खुर्ची उचलून तयार उभी राहिली. काका गॅलरीत डोकावून आले आणि म्हणाले, "ओलं आहे अजून. पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारीही ओलं होतं, त्याच्या पुढच्याही. महिना गेला तशी सुलभा घाबरी झाली. मी काकांशी बोलणार होते, तसं वहीत लिहिलंही होतं. पण तिने आधीच वाट काढली होती. दवाखान्यातून आली की ती तळमजल्यावर फ्लोरी आंटींकडे भविष्यकाळ शिकायची. स्टुलावर बसून, हात न हलवता.

"काकांना सांगू नको हां ताई," ती म्हणाली. "बसल्या बसल्या शिकले कळलं तर जेवणार नाहीत."

गेल्या महिन्यात ती कायम झाली. काकांना पेढे दिले, ते त्यांनी 'स्लोली' खाल्ले. आता तिला वर्गाची गरज नाही. आंटींना कधीच नव्हती. माझं म्हणाल तर इंग्रजी मला कुठे लागत नाही. तरी आज साडेनऊला तिघी हजर होतो.

वर्गाआधी मी गॅलरीत जाऊन भिंतीवर तळहात ठेवला. कोरडी ठणठणीत, उन्हाने कोमट झालेली. मागे वळले तर काका दारात उभे.

"ओल आहे ना?" त्यांनी विचारलं.

सुलभा माझ्याकडे बघत होती.

"आहे," मी म्हटलं.

"ह्या वर्षी काय सुकत नाय ती," आंटी आतून म्हणाल्या.

काकांनी डबा हलवला आणि पहिली चिठ्ठी सुलभापुढे धरली. मी वहीत लिहिलं: चार खुर्च्या गॅलरीत नेणे, बाकी.