जित्या कुत्र्याचं सुतक

गुनव्होर मिकोलाच्या नवऱ्यानं एकदा ऐन हंगामात तिला विचारलं होतं, "कुत्री की मी, काय ते एकदा ठरव."

ती म्हणाली, "थांब जरा, त्यांना खायला घालून येते."

ती परत आली तोवर नवऱ्याची, म्हणजे ओडलाइफची, पिशवी भरून झाली होती. आल्ता गावात हा किस्सा अजून सांगतात. गुनव्होरसमोर सांगितला तर तीही हसते आणि वर म्हणते, "बत्तीस कुत्री होती. वेळ लागणारच की."

तिचा बाप पाटीच्या दगडाच्या खाणीत होता. ती स्वतः वीस वर्षं वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात राबली. पहाटे म्हाताऱ्यांची लापशी, दुपारनंतर कुत्र्यांसाठी मांस. फिनमार्क या तिच्या प्रांतातली कुत्र्यांच्या गाड्यांची ती हजार किलोमीटरची शर्यत ती आठदा धावली, एकदा सहावी आली. सहावी म्हणजे बाहेरच्यांना काही वाटत नाही. पण आल्त्याच्या दुकानात त्या वर्षी तिच्याकडून कॉफीचे पैसे कोणी घेतले नाहीत. मग उजवा गुडघा गेला. घसरगाडीच्या मागच्या फळीवर दहा-दहा तास उभं राहणं संपलं. चार वर्षांपूर्वी तिनं सगळी कुत्री, आवार, गाड्या प्रेबेनला विकल्या.

प्रेबेन दक्षिणेकडचा, चाळिशीच्या अलीकडचा, बोलायला लोण्यासारखा. त्याला पर्यटकांसाठी सहली काढायच्या होत्या: पाच दिवस, स्वतःच्या हातानं कुत्र्यांची गाडी हाकायची, शर्यत बघायची आणि आकाशात ध्रुवप्रकाश. गुनव्होरनं एकच अट घातली होती. "माझ्या कानावर घातल्याशिवाय एकही कुत्रं आवाराबाहेर जाणार नाही."

"शब्द दिला," प्रेबेन म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला.

ती त्याच्याकडेच वाटाडी म्हणून कामाला लागली. जाहिरातीत त्यानं तिचा रेनडिअरच्या कातड्याचा कोट घातलेला फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'बर्फाची राणी'. तो कोट भाड्याचा होता. गुनव्होरचा स्वतःचा कोट निळा, कोपरांवर ठिगळं लावलेला. पर्यटक आले की आधी तिच्याकडे बघत, मग इकडेतिकडे राणी शोधत. तिला चीड यायची, पण कुत्री डोळ्यांपुढे राहत होती, म्हणून ती गिळून टाकायची.

त्यातल्या त्यात स्कार्व. स्कार्व म्हणजे पाणकावळा. काळाकुळकुळीत कुत्रा, डाव्या कानाचं टोक दुमडलेलं, डाव्या पुढच्या पायाचं एकच बोट पांढरं. तिच्या शेवटच्या शर्यतीत, पुरता तीन वर्षांचाही नसताना, तो म्होरक्या होता. वादळात वाट दिसेनाशी झाली तेव्हा त्यानंच गाडी थांब्यावर आणली होती. उभं राहायचं झालं की तो अंगाचा सगळा भार तिच्या त्या दुखऱ्या गुडघ्यावर टाकून उभा राहायचा. दुखायचं, पण तिनं कधी बाजूला केलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन आठवडे ट्रोम्सोला होती. परत आली तर स्कार्वची साखळी रिकामी.

प्रेबेननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मूत्रपिंडं गेली गं त्याची. तुला दवाखान्यात कुठं कळवायचं? त्रास झाला नाही त्याला. मागं बर्चच्या झाडाखाली पुरलाय."

गुनव्होर कुबडी टेकत मागं गेली. बर्चच्या बुंध्याशी माती उकरलेली होती. तिनं घरून बापाच्या खाणीतली एक पाटी आणली, तिच्यावर खिळ्यानं नाव कोरलं आणि तिथं ठेवली. आठवडाभर तिला जेवण गेलं नाही. पुढे पाच महिने रोज सकाळी कुत्र्यांना खायला घालायला निघाली की आधी बर्चपाशी जाऊन पाटीवरचं बर्फ हातमोज्यानं पुसायची.

मार्च उजाडला आणि शर्यतीचा आठवडा आला.

त्या वेळी तिच्याबरोबर पाच पाहुणे होते. त्यातला बिर्गर नावाचा डेन्मार्कचा निवृत्त बसचालक तिला बरा वाटला, कारण तो प्रश्न कमी विचारायचा आणि कुत्र्यांची शी न सांगता उचलायचा. सहलीच्या चौथ्या दिवशी दुपारी ती सगळ्यांना गाड्यांवरून नदीकाठच्या थांब्यावर घेऊन गेली. शर्यतीतले गट तिथं सक्तीची विश्रांती घेतात. बर्फावर पेंढा पसरलेला, त्यावर कुत्री वेटोळी करून निजलेली, चुलाण्यांवर मांसाचं पाणी उकळतंय. चारच्या सुमाराला एक गट निघायच्या तयारीत होता. दहा कुत्री दोरीला जुंपलेली, मागं एक धिप्पाड फिनिश बाई गाडी रोखून धरणारा लोखंडी आकडा बर्फातून उपटायला वाकलेली. पाहुणे कडेला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे राहिले. गुनव्होर त्यांच्या मागं कॉफीचे पेले भरत होती.

वारा तिच्या पाठीकडून होता.

पुढच्या काळ्या कुत्र्यानं नाक वर केलं. मान वळवली. आणि काही कळायच्या आत तो वळला, मागच्या नऊ कुत्र्यांसकट. दोऱ्यांचा गुंता झाला, कोणी कोणाच्या पोटाखाली अडकलं, पाहुणे किंचाळून बाजूला झाले. काळा कुत्रा दोरीखालून आला आणि गुनव्होरच्या उजव्या गुडघ्यावर सगळा भार टाकून उभा राहिला.

गुनव्होरच्या हातातून किटली पडली. तिनं दोन्ही हात वर केले, पोलिसानं बंदूक रोखल्यावर माणूस करतो तसे. शर्यतीतल्या कुत्र्याला बाहेरच्यानं हात लावला तर शिक्षा गाडीवाल्याला होते, हे तिच्या हाडांत मुरलेलं होतं. तिनं फक्त खाली पाहिलं. दुमडलेला कान. पांढरं बोट.

"ए बाई! काय केलंस माझ्या कुत्र्याला?" फिनिश बाई धावत आली. तिचं नाव रीक्का. पूर्वेकडून आलेली, या शर्यतीत पहिल्यांदाच. आठव्या नंबरावर होती.

गुनव्होरच्या आजोळची बोली फिनिशच्या जवळची. तिनं विचारलं, "तुझा? कुठून आणलास?"

"विकत घेतलाय. ऑक्टोबरात, आल्त्याच्या प्रेबेनकडून. सोड त्याला."

"मी धरलंय कुठं? हात बघ माझे. त्याची मालकीण कोण, विचारलं नाहीस?"

"विचारलं की! म्होरक्या घेताना विचारणार नाही? तिला फोन करते म्हटलं, तर म्हणाला, ती आता राहिली नाही."

गुनव्होरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणाला?"

"राहिली नाही म्हणाला. मेली बिचारी." रीक्का बोलता बोलता थांबली. कुत्र्याकडे, मग त्या ठिगळाच्या कोटाकडे पाहत राहिली. "तू गुनव्होर?"

"हो. मेलेली ती मीच. आणि माझ्या लेखी हा मेलाय. पाच महिने."

रीक्काच्या तोंडून एक शिवी निघाली. पण शर्यत चालू होती. तिनं स्कार्वला पट्ट्याला धरून परत ओळीत नेलं, गुंता सोडवला, आरोळी दिली. नऊ कुत्री उठून ओढायला लागली. स्कार्व खाली बसला. पुन्हा उठवला, पुन्हा बसला. तोंड मागं, गुनव्होरकडे.

"तूच सांग ना त्याला!" रीक्का रडकुंडीला आली होती. "तुझं ऐकेल तो!"

"ऐकेल. पण मी शब्द काढला तर ती मदत झाली. तो पंच बघतोय." गुनव्होरनं पडलेली किटली उचलली. "मला जायलाच पाहिजे. मी दिसेन, माझा वास येईल तोवर हा हलायचा नाही."

ती पाहुण्यांकडे वळली. "आवरा. निघतोय आपण."

"आत्ताच तर आलो," कुणीतरी कुरकुरलं. "कॉफी तरी—"

"सांडली कॉफी!"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. नदीच्या वळणाआड गेल्यावर मागून लांबलचक हेल काढलेला आवाज आला. तो आवाज तिनं हजारदा ऐकला होता, जेवणाचा डबा दिसला की स्कार्व असाच ओरडायचा. तिनं दात आवळले आणि गाडी पुढे काढली. तिचा राग कुत्र्यांनाही कळला. ती वेडीवाकडी ओढू लागली. तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. उतरून तिनं एकेकाच्या मानेवर हात फिरवला आणि मग परत फळीवर चढली.

सात वाजता, पठारावर, आभाळ पेटलं. हिरवे पडदे या टोकापासून त्या टोकापर्यंत हलत होते, कडेला गुलाबी झालर. पाहुणे ओरडत, एकमेकांना मिठ्या मारत होते. ज्यासाठी इतक्या लांब आले ते मिळालं होतं. गुनव्होर कुत्र्यांच्या पायांतले मोजे तपासत होती. तिला वर बघवेना.

बिर्गर तिच्याशेजारी येऊन उकिडवा बसला. "तो कुत्रा तुझा होता ना?"

तिनं चार वाक्यांत सांगितलं. बिर्गर ऐकत राहिला, मग म्हणाला, "तीस वर्षं बस चालवली मी. असल्या माणसाला मी भर रस्त्यात खाली उतरवलं असतं."

"मी त्याच्याच बसमध्ये आहे," गुनव्होर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आवारात परतले. गुनव्होरनं आधी कुत्री सोडली, प्रत्येकाला पाणी दिलं. मग फावडं घेऊन बर्चपाशी गेली. फावड्यानं पाटी सुटी केली, काखेत मारली आणि बुटांसकट प्रेबेनच्या कचेरीत शिरली. तो फोनवर हसत कोणाशी बोलत होता. तिनं पाटी त्याच्या टेबलावर, कागदांवरच ठेवली. कडांवरचं बर्फ वितळून पाणी पसरायला लागलं.

"याच्याखाली काय पुरलंयस?"

प्रेबेननं पाटीवरचं नाव वाचलं आणि फोन ठेवला. रंग उडाला, पण जीभ शाबूत होती. "हे बघ गुनव्होर, बस जरा."

"काय पुरलंयस विचारलं."

"काही नाही. माती उकरली नुसती. अगं, तुला त्रास नको म्हणून. तू हो म्हणाली नसतीस."

"नसते म्हणाले. म्हणूनच तर विचारायचं ठरलं होतं."

"तिला म्होरक्या हवा होता आणि तो इथं पर्यटकांची ओझी ओढत होता. त्याचं भलंच झालं ना? आणि जिवंत आहे तो! तुला खरं तर आनंद व्हायला हवा."

गुनव्होरनं टेबलाची कड धरली. "जित्या कुत्र्याचं सुतक पाळायला लावलंस तू मला. रोज सकाळी नुसत्या मातीपुढे उभी राहत होते मी, आणि तू खिडकीतून बघत होतास. कॉफी पीत. आणि तिला सांगितलंस मी मेले!"

"मेली नाही म्हणालो! राहिली नाही म्हणालो. मालकीण राहिली नाहीस, ते खरंच आहे की. तिनं काय अर्थ घेतला त्याला मी काय करू?"

त्या क्षणी आपण त्याला पाटीनं मारू, असं तिला वाटलं होतं. हे तिनं पुढे स्वतःच सांगितलं. तिनं कोटावर घातलेली कंपनीची बंडी काढली आणि त्या पाण्यावर टाकली.

"पुसून घे," म्हणाली. "तुझे कागद भिजतायत."

पण निघून जाणं तिच्या नशिबात तितकं सोपं नव्हतं. हंगाम ऐन भरात, आणि तीस कुत्र्यांचे पंजे, पोटं, तब्येती तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हत्या. दुसरा वाटाड्या यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस ती बंडीशिवाय, ठिगळाच्या निळ्या कोटात कामावर आली आणि प्रेबेनशी एक अक्षर बोलली नाही. सांगायचं ते फळ्यावर खडूनं लिहायची. 'लूनाचा पाय. विश्रांती.' 'मांस संपलं.' बाराव्या दिवशी तिनं ओढायला निरुपयोगी झालेली दोन म्हातारी कुत्री मागितली. या वेळी कागदावर लिहून, सही घेऊन.

गावात बोलणी झाली. रीक्का नववी आली होती आणि तिनं शेवटच्या रेषेवर सगळ्यांसमोर ही हकीकत सांगितली होती. त्यामुळे प्रेबेनशी दुकानात कोणी धड बोलेना. तरी काहीजण गुनव्होरलाच समजावत, "जिवंत आहे ना, मग झालं तर! सोडून दे." तिचा सगळ्यात जास्त राग या लोकांवर होता. खोटं बोलणारा एक असतो. सोडून दे म्हणणारे गावभर असतात.

मे महिन्यात रीक्काचा फोन आला. "मी विचार करतेय, तुझा कुत्रा तुला परत आणून देते. पैसे नकोत. मला झोप लागत नाही."

गुनव्होरनं खिडकीतून अंगणातल्या दोन म्हाताऱ्या कुत्र्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "धावतो का मनापासून?"

रीक्कानं खोटं बोलायचं टाळलं. "धावतो. त्या दिवशी तू गेल्यावर वीस मिनिटं बसला. मग उठला तो थेट शेवटपर्यंत. जुंपायचा पट्टा दिसला की अजून उड्या मारतो."

"सात वर्षांचा आहे. आणखी तीन हिवाळे ओढेल. माझ्याकडे आता गाडी नाही, गट नाही. इथं दोन म्हाताऱ्यांशेजारी साखळीला बसून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघेल." तिचा आवाज चढला, रीक्कावर नव्हे. "नको आणूस. डाव्या पंज्याला थंडीत भेगा पडतात त्याच्या, मेंढीची चरबी लाव. आणि थकला, ओढेनासा झाला, की मला फोन कर. मला. कुणी काही सांगितलं तरी."

"करते. शब्द देते."

"शब्द नको," गुनव्होर म्हणाली. "लिहून पाठव."

फोन ठेवून ती अंगणात गेली. नको हे तिला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं होतं, आणि त्याबद्दल तिनं प्रेबेनला आजवर माफ केलेलं नाही. त्या संध्याकाळी तिनं सरपणाचा अख्खा ढीग फोडला. शेजारी कुंपणाशी येऊन म्हणाला, "अगं, उन्हाळा आलाय, एवढं कशाला?"

"दे की मग तुझंही फोडायला," ती म्हणाली आणि हात पुढे केला.