सईची आई ‘पुण्याला’ असताना

भूतखेत, संकेत वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही. पंचवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय. रिपोर्टमध्ये येईल तेच खरं मानायची सवय आहे. तरी हे लिहितेय... कारण कोणाकडे उत्तर असेल तर मला हवंय.

आम्ही इंदूरचे. माझी भावजय मेधा मागच्या वर्षी गेली. डेंग्यू — चार दिवसांत सगळं संपलं. तिची मुलगी सई तेव्हा सहा वर्षांची. तिला आधीच देवासला मावशीकडे पाठवलं होतं. मग आम्ही सगळ्यांनी एकमताने मूर्खपणा केला. आई पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहे, असं तिला सांगून टाकलं.

सहा महिन्यांनी शाळेतून फोन आला : सई वर्गात एक अक्षर बोलत नाही.

मी भावाला, निखिलला, म्हटलं, “आता खरं सांगू या.”

“रहने दे ना ताई. परीक्षा होऊन जाऊ दे.”

“पहिलीची परीक्षा! कलेक्टर होणारेय का ती?”

“मग तूच सांग. माझ्याने नाही होणार.”

रविवारी सकाळी दहाला त्याच्या फ्लॅटवर गेले. निखिल आंघोळीला गेला होता. सई बाल्कनीत पोह्यांवरची शेव वेचून खात होती. मी समोर बसले आणि सरळ म्हटलं, “सई, आई पुण्याला नाहीये.”

“माहितीये,” ती म्हणाली. “आई मेली.”

“कोणी सांगितलं तुला?”

“आईनेच. मावशीकडे, झोक्यावर. तू तिला हिरवी साडी नेसवत होती ना, त्या दिवशी.”

म्हटलं, असेल. सवाष्णीला हिरवी साडी नेसवतात. कोणाच्या तरी बोलण्यातून कानावर पडलं असेल.

“आणि तू तिला ओरडली पण, ‘हात सैल सोड गं मेधा, किती ताठ धरतेस!’ आईला हसू आलं.”



त्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत मी एकटी होते. दार आतून लावलेलं. ब्लाउजची बाही चढेना, तेव्हा चिडून माझ्या तोंडून हे निघालं... मेलेल्या माणसाला! इतकी लाज वाटली की नवऱ्यालाही सांगितलं नाही. आणि शब्द न् शब्द तोच.

कसंबसं विचारलं, “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही सगळे पुणे-पुणे करत होते ना... तुम्हाला रडू आलं असतं.”

सहा वर्षांची पोर आम्हाला सांभाळत होती!

मग म्हणाली, “आता तू सांग ना आत्या, आईचं. तिचा आवाज मला नीट आठवत नाही.”

सांगितलं. मेधा रात्री सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांवर उभ्याउभ्या तीन दहीवडे संपवायची, स्कूटर सुरू झाली नाही की तिला शिव्या घालायची... निखिल आला, ऐकत उभा राहिला, मग खाली बसला. “शिव्या मलाच असायच्या,” म्हणाला. सई खळखळून हसली. सोमवारी तिने हजेरीला उत्तर दिलं. बाईंनी मुद्दाम फोन करून कळवलं.

मावशीला विचारलं, ड्यूटीवरच्या नर्सलाही गाठून विचारलं. दाराबाहेर कोणीच नव्हतं. सईला विचारलं, आई पुन्हा आली का? “नाही, एकदाच.”

निखिलला मी सईने सांगितलेलं ते साडीच्या वेळचं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो एवढंच विचारेल — ताई, ती खरंच हसली का? आणि मी खोलीत असूनही मला ते माहीत नाही.