आतून कडी असलेली खोली

माझी मावशी बायकांचे कपडे शिवते. तिच्या दुकानात कपडे घालून बघायची एक छोटी खोली आहे. तिला पडदा नाही, दार आहे, आणि दाराला आतून कडी आहे. बाहेर आई असो, सासू असो नाहीतर नवरा, आतलीने हाक मारल्याशिवाय कुणी डोकवायचं नाही. हा नियम मावशीने का केला, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

शाळेत असताना ती आजारी पडली. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. गोळ्यांनी आजार हटला, पण त्याच गोळ्यांनी अंग असं फुगलं की वर्गातल्या मुली तिला 'उशी' म्हणायला लागल्या. पुढे गोळ्या थांबल्या, सूज उतरली, चेहरा पहिल्यासारखा झाला. पोटावर, कमरेवर आणि मांड्यांवर मात्र जांभळ्या रेषा राहिल्या, आणि हळूहळू त्या पांढुरक्या झाल्या. आजीने नाही नाही ती तेलं चोळली. तेल जिरलं, रेषा काही जिरल्या नाहीत.

मावशी एका मोठ्या शिवणाच्या दुकानात कामाला लागली. हात इतका साफ की मालकीणबाई भारी कापड कापायला तिच्याच पुढ्यात टाकायच्या. तिथे असतानाच तिचं लग्न ठरलं. मुलगा टपाल कचेरीत होता, दिसायला बरा, बोलायला गोड.

लग्नाचे कपडे घालून बघायला ती त्याच दुकानात पडद्यामागे गेली. मुलाची काकू बाहेर बसली होती. तिला काही धीर निघेना. "बघू बघू, कसं बसतंय," म्हणत तिने पडदा सारला. मावशीचे दोन्ही हात बाह्यांत अडकलेले, पोट उघडं. काकूची नजर तिथे गेली आणि तिथेच खिळली.

"हे काय गं?"

"लहानपणी आजारी होते, तेव्हाचं आहे."

"आजाराचं? मला दोन मुलं झाली आहेत, बाई. असे वळ कशाने येतात ते मला नको शिकवूस."

दिवस मावळायच्या आत निरोप आला. लग्नाआधी मुलीला आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेऊ, म्हणाले.

आजोबा साधे होते. "घेऊ दे तपासून," ते म्हणाले. "कर नाही त्याला डर कशाला?"

"डर नाहीच आहे, बाबा," मावशी म्हणाली. "म्हणूनच जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः आला. माझी आई, म्हणजे मावशीची मोठी बहीण, त्याच्यासाठी चहा घेऊन आली तेव्हा तो चाचरत बोलत होता. "माझ्या मनात काही नाही हो. फक्त घरच्यांचं समाधान."

"मग लग्नही त्यांच्याच समाधानाने करा," मावशी म्हणाली. "मी मधे कशाला?"

चहा तसाच राहिला आणि लग्न मोडलं. मग काय, ज्याच्या तोंडी बघावं तो हाच विषय. लग्नाआधी मूल झालेली मुलगी, असं तिच्याबद्दल चारचौघांत बोललं जाई. मालकीणबाईंनी तिला काढलं नाही, पण पुढच्या टेबलावरून उठवून मागच्या खोलीत बसवलं. गिऱ्हाइकं कुजबुजतात, हे कारण दिलं. मावशी आपलं यंत्र उचलून मागे घेऊन गेली.

आई म्हणते, "लोकांसमोर ती वाघीण होती. पण घरात कपडे बदलायचे झाले की आधी दिवा घालवायची. सख्खी बहीण मी, मलासुद्धा पाठ करून उभी राहायची. मी म्हटलं, अगं, तुझं काही चुकलं नाही. तर म्हणते, ताई, ते मला कळतं गं, पण माझ्या हातांना कळत नाही. ते आपोआप पदर शोधतात."

काही वर्षांनी तिने स्वतःचं दुकान काढलं. एक खोली, दोन यंत्रं, लांब टेबल, आणि ते कडीचं दार. मापं घ्यायच्या निमित्ताने तिने तऱ्हेतऱ्हेची अंगं पाहिली. काडीसारख्या मुलींच्या कमरेवर रेषा, वजनं उचलणारीच्या खांद्यांवर रेषा. जिच्या रूपाचा गावभर बोलबाला, तिच्याही मांड्यांवर त्याच. "मला वाटायचं, हे दान फक्त माझ्याच पदरात पडलंय," ती सांगते. "इथे तर जिला बघावं तिच्या पदरात!"

तरी स्वतःचं पोट तिने कुणाला दाखवलं नव्हतं. ते घडलं एका उंच, शिडशिडीत मुलीमुळे. ती बास्केटबॉल खेळायची. बक्षीस समारंभासाठी तिच्या आईने तिला ड्रेस शिवायला आणलं होतं. मुलगी कच्चा शिवलेला ड्रेस घालून बघायला आत गेली ती बाहेर येईचना. मग आतून रडवेला आवाज आला, "मावशी, पाठ पूर्ण झाका. गळ्यापर्यंत."

मावशीने दार वाजवलं. "येऊ का?" कडी निघाली, मावशी आत गेली आणि कडी पुन्हा लागली. मुलीच्या पाठीवर आडव्या लाल रेषा होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. एकदम उंची वाढल्यामुळे आलेल्या. संघातल्या मुली विचारायच्या, घरी मारतात का गं तुला?

दिवा चालू होता, समोर मोठा आरसा होता. मावशीने आपला कुडता वर केला.

मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, "बाप रे! तुमच्यापुढे माझं काहीच नाही."

मावशीला हसू फुटलं, आणि मग दोघींना आवरेना. बाहेर मुलीची आई दारावर थापा मारत होती, "काय चाललंय काय?" पाठ झाकायची की नाही, हे मावशीने मुलीवरच सोडलं. मुलीने थोडा विचार केला आणि मागचा गळा खोल ठेवायला सांगितला.

काका तिच्या आयुष्यात आले ते दुकानातली वायरिंग बदलायला. काम संपलं तरी दिवे तपासायच्या निमित्ताने येत राहिले. एक दिवस त्यांनी लग्नाचं विचारलं, तेव्हा मावशीने मोडलेलं लग्न, अफवा आणि रेषा, सगळं एका दमात सांगून टाकलं. काका डोकं खाजवत म्हणाले, "मी दिवसभर उघड्या तारा हाताळतो. रेषांना घाबरायला लागलो, तर खायचं काय मी?" तिने तिथल्या तिथे होकार दिला.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे तळ्यावर गेलो होतो. मावशीने स्वतःसाठी पोहण्याचे दोन तुकड्यांचे कपडे शिवले होते, भडक नारिंगी. आईने डोळे वटारले. "या वयात?"

"कापड उरलं होतं," मावशी म्हणाली.

ती भर उन्हात काठावरून चालत गेली. वयाने सुटलेलं पोट, त्यावर त्या सगळ्या रेषा, आणि चाल अशी की तळं हिच्याच नावावर आहे. पाण्याच्या कडेला एक बाई अंगाभोवती टॉवेल घट्ट गुंडाळून उभी होती. ती मावशीच्या पोटाकडे बघत राहिली. मावशीच्या ते लक्षात आलं.

"पाणी गार आहे हं," मावशी तिला म्हणाली. "पण एकदा उतरलात की काही वाटत नाही."

आणि तिने सूर मारला.