तात्यांनी फाडलेला कोपरा

कार्ड शाळेत आलं ते मधल्या सुट्टीत. चारही कोपरे शाबूत होते, म्हणून मी ते निर्धास्तपणे वाचायला घेतलं. तळेगाव दाभाड्याहून तात्यांच्या जावयानं लिहिलेलं. ‘सा. न. वि. वि.’ झालं, पावसापाण्याचं झालं, आणि तिसऱ्या ओळीत... तात्या गेल्या सोमवारी सकाळी गेले, फारसा त्रास झाला नाही. जावई पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरीला आहे. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडायचा, म्हणजे हातात घेणाऱ्याला वाचायच्या आधीच समजतं, ही आपली रीत त्याला जुनाट वाटली असेल. त्याला नावं ठेवत नाही. पण पहिल्या दोन ओळी मी हसत वाचल्या, ते अजून टोचतं.

तात्या म्हणजे चाकणच्या पोस्टातले पोस्टमन. तीस वर्षं त्यांनी निघोज्यापर्यंतच्या गावांत सायकलीवरून टपाल वाटलं. दुसऱ्या महायुद्धात आमच्या भागातली पुष्कळ पोरं पलटणीत होती, आणि तार आली की घरादाराच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. आत काय आहे ते तात्यांना पोस्टातच कळलेलं असे. तारेपुरतं इंग्रजी त्यांना येत होतं. खुशालीची तार असली तर ते वेशीपासूनच ओरडत, “पेढं काढा!” मरणाची असली तर वाटेतच लिफाफ्याचा कोपरा फाडत, टोपी काढत आणि न बोलता दारात उभे राहत. एकदम अंगावर कोसळू नये, एवढाच हेतू.

मी चाकणला मास्तर म्हणून आलो तेव्हा लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. नाक्यावरच्या चहाच्या दुकानात तात्या रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत, आणि कांद्याच्या बाजाराला आलेले शेतकरी बशीतला चहा फुंकत ऐकत. कुठल्या तरी देशाच्या प्रधानानं ‘शांततेसाठी सैन्य पाठवले आहे’ असं भाषण केलेलं असलं की कोणीतरी हमखास विचारी, “ह्यातलं खरं किती, तात्या?”

“सैन्य पाठवलंय, एवढं खरं.”

‘आमच्या फौजा योजनेप्रमाणे मागे आल्या’ हे वाक्य तर सगळ्यांना पाठच होतं. तात्यांनी ते नुसतं उच्चारलं की सगळे एका सुरात म्हणत, “म्हंजी मार खाल्ला!” असं लढाईचं भाषण ज्या पानावर असेल त्या पानाचा कोपरा तात्या फाडून टाकत. दुकानदार वैतागे. तात्या म्हणत, “सुतक हाय रं त्यात. कुणाच्या घरचं ते छापलेलं नसतंय, एवढंच.”

मला हे अतीच वाटायचं. माणसाला धीर देणारे चार शब्द हवेतच की, असं माझं मत होतं, आणि चार शब्द लिहिण्यात माझा हातखंडा होता. म्हणून निघोज्यात लढाईत पडलेल्या जवानांच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं, तेव्हा पाहुण्या पुढाऱ्याचं भाषण माझ्याकडे आलं. मी ते जीव ओतून लिहिलं. ‘या मातीतल्या मातांनी पुत्राच्या वीरमरणाची तार हसतमुखाने छातीशी धरली, डोळ्यांत टिपूस आणले नाही.’ हे वाक्य लिहिल्यावर मी स्वतःवरच खूश होतो.

समारंभाला पहिल्या रांगेत सरूबाई बसल्या होत्या. त्यांचा एकुलता एक किसन इटलीकडे पडलेला. पुढारी त्या वाक्याशी आले, टाळ्या पडल्या, आणि मागून तात्या उठले. आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. “साहेब, ह्या गावातल्या तारा मी वाटल्या. हसलेलं कुणी मला दिसलं न्हाई. तेवढं वाक्य सोडून बाकीचं बोला.” पुढारी हसले, ‘आजोबांच्या भावना मी समजू शकतो’ म्हणाले आणि पुढचं भाषण उरकलं. पण मागच्या बाजूला कुजबूज सुरू झाली ती थांबली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना तात्या सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालले. “मास्तर, वाक्य तुमचं ना? त्याला एवढं चांगलं मराठी येत न्हाई.”

मी रागानं म्हणालो, “लोकांना धीर यावा म्हणून लिहिलं. त्यात काय पाप केलं?”

त्यांनी सायकल थांबवली. मग इंद्रायणीकडे बघत त्यांनी मला जे सांगितलं, ते आज प्रथमच लिहितो आहे. किसनची तार घेऊन ते सरूबाईंच्या अंगणात गेले, तेव्हा सून दिवस भरलेली, जात्याशी टेकून बसलेली. तात्यांना खरं सांगवेना. तार उघडून त्यांनी वाचलं, ‘जखमी आहे, इस्पितळात आहे, सुधारतो आहे.’ सून सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली. पण पलटणीचं पत्र येईपर्यंत दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात सरूबाईंनी किसनला चार पत्रं सांगितली, आणि ती तात्यांनी लिहून घेतली. जपून राहा, दूध घेत जा, पोरगी तुझ्या वळणावर गेली आहे... अशी पत्रं, मेलेल्या माणसाला.

“हेतू माझाबी वाईट नव्हता, मास्तर. पण तिचे दीड महिने मी चोरले. ज्या दिवसांत रडायचं, त्या दिवसांत तिला नवस बोलायला लावले. एकदा सांगून टाकीन म्हणतो तिला... तोंड व्हत न्हाई.”

पुढे ते निवृत्त होऊन मुलीकडे तळेगावला गेले. मला भेटले की विचारीत, “सरूबाई बऱ्या हायेत ना?” एवढंच. त्यांच्या मनात काय आहे ते ठाऊक असून दोन वर्षांत मी एकदाही म्हणालो नाही, की चला, मी येतो बरोबर. मला आपलं वाटायचं, आहे वेळ.

जावयाचं कार्ड घेऊन मी त्याच रविवारी निघोज्याला गेलो. आधी बातमी सांगितली, मग तात्यांचं तेही. सांगायचा अधिकार माझा नव्हता. पण दुसरं कोण सांगणार? सरूबाई ऐकत राहिल्या. मग आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली आणि पिवळा पडलेला एक लिफाफा माझ्या हातात ठेवला. तारेचा. त्याला उजवीकडचा कोपरा नव्हता.

“वाटंतच फाडला व्हता त्यांनी, नेहमीसारखा. दारात आल्यावर सून दिसली आन् त्यांचं मन फिरलं. कोपऱ्याचं इसरलेच. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं व्हतं, मास्तर.”

“मग ती पत्रं?”

“सून ऐकत व्हती न्हवं भिंतीपल्याड. आन् तात्याबी घामानं निथळलेले... म्या म्हनलं, त्यांनी वाचलं तेच खरं धरून आपन बी पत्रं सांगावी. मला ठावं व्हतं हे सांगीन सांगीन म्हनता म्हनता राह्यलं.”

मला रडू आवरलं नाही. त्यांनी मला पाणी दिलं, आणि मी सावरल्यावर विचारलं, “कार्ड हाय का जवळ? लिव्हा.”

मास्तराच्या खिशात कार्ड असतंच. सरूबाई भिंतीला टेकून सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. वाक्य सजवलं नाही. ‘तात्यास सरूबाईचा नमस्कार. किसनची तार मला त्याच दिवशी कळली होती. तुमच्यावर राग नाही. रडायचं ते मी ओढ्यावर जाऊन रडत होते. जिवाला लावून घेऊ नका.’

ते कार्ड माझ्या टेबलावर आहे. पत्त्याची बाजू कोरीच आहे. कोपरा मात्र मी फाडून ठेवला आहे.