दर्याची ओटी आणि कुलूप लावलेली चौकी

सून पहिलटकरीण, माहेरी गेलेली. पोरगा बंदरात पाळीवर. म्हणून त्या रविवारी घणसोलीतून मी एकटाच निघालो. पिशवीत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या, हिरव्या बांगड्या आणि आमच्या मंडळीची चांदीची जोडवी. मंडळी जाऊन वर्ष होत आलं होतं.

तिचा नवस होता. पोरगा बंदरात कायम झाला की दर्याची ओटी भरीन आणि पायातली जोडवी त्यालाच वाहीन, असं ती बोलून बसली होती. पोरगा कायम झाला आणि त्याच पावसाळ्यात ही गेली. आम्ही सातारकडची माणसं. नवस राहिला तर जीव अडकून राहतो, असं आमच्यात मानतात. कुणाला हसायचं तर हसा. मी चौथी शिकलेला, जन्मभर तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलली, पण हे एवढं मला करायचंच होतं.

बेलापूरला यस्टी बदलली. शेजारी बसलेला इसम झोपेचं सोंग घेऊन माझ्या पिशवीला रेलत होता. मी पिशवी मांडीवर घेतली तशी त्याची झोप उडाली. उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रांगच रांग. दोन्ही अंगाला मिठागरं, काही चालू, काही भराव टाकून बुजवलेली. शेवटी टमटम करून किनाऱ्यावरच्या गावात उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढं कळेल.

गाव तसं देखणं. सुरूची झाडं, त्यांच्यामागं लांबलचक वाळू, दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. पण घरटी एक पाटी, ‘रूम भाड्याने मिळेल’. मुंबईच्या गाड्या थेट वाळूत उतरवलेल्या, टपावर बाटल्या. दोन टाळकी मोटारसायकल घेऊन बायामाणसांच्या भोवती गिरक्या घालत होती. त्यांना हटकणारं कुणी दिसलं नाही. नाक्यावर पोलीस चौकी होती. तिला कुलूप, आणि कुलपाला गंज.

एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाल्लं. चव चांगली. पण वाढायच्या आधीच मालकिणीनं हात पुढं केला. म्हणलं, बाई, मी काय पळून चाललोय?

“दादा, गारीवाले खातान नि पलतान,” ती म्हणाली. (गाडीवाले खातात आणि पळतात.) “कोन धरनार त्यांना?”

“पोलीस?”

“एक हवालदार हाय, पाच गावांना. तो आला तं आमीच त्याला बगाया जातो.”

मागच्या शिमग्याला एका मोटारीनं सुकट वाळत घालणारी बाई उडवली, आणखी एकीच्या गळ्यातलं कुणीतरी खेचून नेलं, असं ती सांगत होती. म्हणून गावची पोरं आता शिट्ट्या आणि काठ्या घेऊन स्वतःच फिरतात. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. काठीवाल्यावर कुणाची देखरेख?

किनाऱ्यावर गेलो तर पाणीच नाही. दूरवर नुसता चिखल आणि त्याच्यापलीकडं एक चकाकती रेघ. आम्हाला नदी ठाऊक. नदी जागेवर असते. ओहोटी म्हणजे दर्या इतका लांब जातो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चिखलात चालायला गुडघे नाहीत. मग विचार केला, वाळूत खड्डा करावा, ओटी ठेवावी, भरतीला तो आपसूक घेऊन जाईल. बसलो आणि हातानं उकरायला लागलो.

शिट्टी वाजली. वर बघतो तर चार जण काठ्या घेऊन उभे.

“ए म्हाताऱ्या, काय गारतस रं?” (काय पुरतोस.)

“ओटी आहे.”

“बाप्या मानूस ओटी भरतो?” शिट्टीवाला हसला. धिप्पाड गडी, गळ्यात लाल दोरा. “बांगऱ्या, खन, कुकू. करनी करतंस आमच्या होऱ्यांवर?” (होड्यांवर.)

त्यानं पिशवी ओढली. सगळं वाळूवर सांडलं. नारळ गडगडत गेला. दुसऱ्यानं माझी बखोटी धरली. बघता बघता तीसेक माणसं जमली, त्यात गाड्यांतनं आलेलेही तमाशा बघायला. जन्मात कुणी मला चोर म्हणलं नव्हतं आणि हे करणीवाला म्हणत होते.

गर्दीतनं एक म्हातारी कोळीण पुढं आली. लुगडं गुडघ्यावर कसलेलं, हातात कोयता.

“सोर त्याला,” ती बखोटी धरणाऱ्याला म्हणाली. मग मला, “कोनाची ओटी?”

“मंडळीची. नवस होता. ती नाही आता.”

“घरान बाय नाय दुसरी?”

“सून बाळंतपणाला गेलीय.”

“नाव काय तुज्या बायकोचा?”

तिचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तिला हाक मारायची तर ‘अगं’, नाहीतर पोराच्या नावानं. त्या तीस अनोळखी माणसांत, बखोटी धरलेली असताना, मी म्हणलं, “अनुसया.”

बखोटीवरचा हात सुटला. म्हातारी खाली बसली आणि सामान गोळा करायला लागली. “भरती लागूं दे. मी भरतंय अनुसयाची ओटी. बाप्यानं भरली तं दर्या घेनार नाय.”

खण मिळाला, बांगड्या मिळाल्या, एक फुटलेली. जोडवं एकच मिळालं.

मी वाळू चाळली. म्हातारीनं चाळली. बाकीचे नुसते बघत उभे. शिट्टीवाल्याचा हात खिशात होता.

“हात काढ बाहेर,” मी म्हणलं.

“काका, आता मला चोर बोलतंस?”

“मघाशी तू मला काय बोललास?”

“मंग जा, तक्रार कर,” तो म्हणाला. “चौकी तिकरं हाय.”

लोक हसले. तो हसला नाही, आणि त्यानं हात खिशातनं काढलाही नाही.

उन्हं कलताना पाणी आलं. म्हातारी कमरेइतक्या पाण्यात गेली, खणात नारळ, बांगड्या आणि ते एक जोडवं बांधून तिनं सोडलं, आणि हिचं नाव मोठ्यानं घेतलं. मी काठावर हात जोडून उभा होतो. दर्यानं ओटी घेतली. पण नवस जोडीचा होता.

परतीच्या यस्टीत खिडकीला बसलो. ते जोडवं वाळूत गेलं असेल. वाळू काय, गिळते. किंवा त्याच्या खिशात गेलं असेल. मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. तिथं एक हवालदार उभा असता तर त्यानं आधी मला नावगाव विचारलं असतं, माझी पिशवी ओतायची वेळच आली नसती. आणि आली असती तर त्यानं त्या गड्याचे खिसेही झाडून बघितले असते. चोर निघाला असता तर धरला गेला असता. निघाला नसता तर मी त्याची माफी मागून मोकळा झालो असतो.

आता दर रविवारी तो गडी माझ्या डोळ्यांपुढं खिशात हात घालून उभा राहतो. कदाचित बिचारा निर्दोष असेल, म्हणून तर गावाचं नाव लिहिलं नाही. त्याला माझ्या मनातनं सोडवायला तरी त्या चौकीचं कुलूप कुणीतरी काढा.