शेऱ्याच्या पलीकडचा रकाना

कर्जतला माझं छोटं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो, मधूनमधून कुणाची वेबसाइटही करून देतो. या उन्हाळ्याच्या तोंडावर एका कचेरीचं काम आलं. पाण्याचा टँकर कुठल्या वाडीवर किती वाजता जाणार, त्याचा तक्ता वेबसाइटवर टाकायचा होता. माझी थोरली बहीण खालापूरकडच्या डोंगरात अशाच एका कोरड्या वाडीत दिलेली, आणि तिची वाडीही त्या तक्त्यात होती. त्यामुळे हे काम मी जीव लावून केलं.

आधीचं पान म्हणजे सगळा सावळागोंधळ. प्रत्येक चौकटीत तिची रुंदी कोंबलेली. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमधली ही पद्धत कधीच मोडीत निघाली. नियमाप्रमाणे तक्त्याच्या डोक्याशी रकाने सांगायचे आणि त्यांची रुंदी वेगळी, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या सूचनांत लिहायची. मी तसंच केलं. रुंदी टक्क्यांत दिली, म्हणजे लहान मोबाइलवरही तक्ता मावेल. वाडीच्या नावाला लागूनच वेळ ठेवली आणि शेरा शेवटी ढकलला. चुका शोधणाऱ्या साइटवर पान तपासलं, एकही निघाली नाही.

कचेरीतल्या साहेबांनी पान छापून मागितलं. ड्रॉवरमधून पट्टी काढली, कागद कचेरीच्या टँकरच्या रजिस्टरावर ठेवला आणि रकाने मोजायला बसले. वेबसाइट पट्टीने मोजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"हे जुळत नाही," ते म्हणाले. "आधी मंजुरी, मग शेरा, आणि तो एवढा रुंद. वेळ त्याच्यानंतर."

"साहेब, मग मोबाइलवर वेळ दिसायची नाही. लोक मोबाइलवरच बघणार."

"वर कागद जातो. मोबाइल जात नाही."

पुन्हा समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पट्टीवरचं माप मोजून पिक्सेलांत बसवलं, म्हणजे स्क्रीन लहान असली तरी रकाने आकसणार नाहीत. पुन्हा तपासलं, तरी चूक शून्य! साहेबांना तसं सांगितलंही. रुंदी योग्य जागी लिहिली की नियमांचं समाधान होतं. ती कुणाच्या हातातल्या मोबाइलवर मावते का, हे त्यांच्या गावीही नसतं.

मे महिन्यात बहिणीकडे गेलो. ती भर दुपारी इतर बायकांबरोबर विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, शेजारी रिकामे हंडे. खोपोलीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती चपात्या लाटायची. या वेळी ती तिथे असायला हवी होती.

"ताई, आज सुट्टी?"

"काम सुटलं रं. किती खाडे खपवून घेतील ते? टँकर कधी येईल त्याचा नेम नाय. विहिरीत पाणी पडलं की घटकेत संपतंय. आपण नसलो तर गाळच हाताला लागतो."

"पण वेळ दिलेली असते. पान बघत नाहीस का?"

"रोज बघते की. आमच्या वाडीम्होरं निस्ता शेरा हाय. आमची वेळ ठरलीच नाय अजून."

मी तिचा मोबाइल घेतला आणि पान बोटाने डावीकडे ओढलं. शेऱ्याच्या पलीकडे वेळ होती. संध्याकाळी पाच. टँकरची पाळी रोज बदलायची, पण वेळ रोज तिथे लिहिलेली असायची. पाचपर्यंत ती कामावरून सहज परत आली असती.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. चिडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

"मंग आमी उन्हात कशाला बसलो रं?" तिने विचारलं.

तिच्याकडे बघायचंही माझ्याच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी कचेरी गाठली. साहेबांना सगळं सांगितलं. बहिणीचं काम गेलं तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पानात चूक आहे का?" त्यांनी विचारलं. "तूच म्हणाला होतास, एकही नाही."

पानाचा पासवर्ड आता त्यांच्याकडे आहे, आणि वर जाणारा कागद रजिस्टराशी तंतोतंत जुळतो. इतकं हताश मला याआधी कधी वाटलं नव्हतं. आपलं काम आपल्याला येतं, यावरचा विश्वासच उडाला.

हल्ली सकाळी दुकान उघडलं की आधी ते पान उघडतो, शेऱ्याच्या पलीकडे जातो आणि बहिणीला फोन करून वेळ सांगतो. ती वाडीतल्या बायकांना सांगते. कँटीनमध्ये तिच्या जागी दुसरी बाई लागली आहे.

तक्त्यात बाकीच्या वाड्याही आहेत. तिथे माझी बहीण नाही.